कसूर कानाचा की गिटारचा?

मुलांनो, समजा तुमच्या भाईजानने जुन्या बाजारातून एक गिटार विकत आणली आहे. लाकूड चांगले आहे, आवाज भरदार आहे आणि किंमतही खिशाला परवडली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस उरले आहेत. एका गाण्याला गिटारची साथ तुम्ही करणार, असे ठरले आहे. तुम्ही मोबाइलवरचा ट्यूनर उघडता आणि सहाही तारा एकेक करून लावता. काटा मध्यावर येतो. सगळे ठीक आहे असे वाटते.

मग तुम्ही वाजवू लागता. पहिल्या दोन ओळी बऱ्या जातात. नंतर तुमचा हात वरच्या बाजूला सरकतो आणि सूर खटकतो. गाणारी मुलगी थांबते. तुम्ही पुन्हा तारा तपासता, त्या बरोबरच असतात. पुन्हा वाजवता, पुन्हा तोच खटका! कोणीतरी म्हणते, "याचा कानच कच्चा आहे. याला साथीला घेऊ नका." दुसरा म्हणतो, "गिटारच टाकाऊ आहे. भंगारात द्या."

दोन्ही निकाल घाईचे आहेत. मोकळ्या तारा सुरात असूनही दाबलेल्या तारा बेसूर वाजणे हा गिटारचा एक ठरलेला दोष आहे. वादक त्याला इंटोनेशनचा दोष म्हणतात. तो ओळखता येतो, मोजता येतो आणि पुष्कळदा थोड्या खर्चात दूरही करता येतो. त्यासाठी तार कशी वाजते, हे आधी पाहू.

गिटारच्या मानेच्या टोकाला हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक लहान पट्टी असते. तिच्या खाचांमधून तारा जातात. या पट्टीला नट म्हणतात. मराठीत नट म्हणजे नाटकात काम करणारा. हा नट मात्र जागचा हलत नाही. दुसऱ्या टोकाला, गिटारच्या पोटावर चिकटवलेल्या लाकडी ब्रिजमध्ये अशीच दुसरी पट्टी उभी असते. तिचे नाव सॅडल. नट आणि सॅडल यांच्यामध्ये तार ताणलेली असते आणि तेवढाच भाग वाजतो. बहुतेक गिटारींत ही लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास असते.

सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार सुमारे ३३० वेळा थरथरते. तारेचा ताण तोच ठेवून लांबी निम्मी केली, की कंपने दुप्पट होतात आणि तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. म्हणून मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर असते. या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. सतारीवर त्यांनाच पडदे म्हणतात, आणि तुम्ही उर्दूत परदा म्हणता तोच हा शब्द.

मधले अकरा फ्रेट कोठे बसवायचे? त्यासाठी एक हिशेब आहे. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागा. ६५० ला भागले तर सुमारे ३६.५ मिलिमीटर येतात. नटपासून तेवढ्या अंतरावर पहिला फ्रेट. आता उरलेल्या ६१३.५ मिलिमीटरला पुन्हा त्याच संख्येने भागा. सुमारे ३४.४ मिलिमीटर येतात. तेवढ्यावर दुसरा फ्रेट. असे करत गेलात, की बारावा फ्रेट आपोआप मध्यावर येतो. कंपासपेटीतली पट्टी आणि कॅलक्युलेटर घेऊन हे घरी करून पाहा. गणिताच्या तासाला हे उदाहरण कोणी घालत नाही, याचे मला नवल वाटते.

जुन्या काळचे कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागत. इटलीतील संगीतज्ञ विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ल्यूट नावाच्या वाद्यासाठी हेच प्रमाण सांगितले आहे. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारे शास्त्रज्ञ गॅलिलिओ हे त्यांचेच चिरंजीव. १८ ने भागले, तर बारावा फ्रेट मध्यापासून दोन-अडीच मिलिमीटर नटच्या बाजूला राहतो. म्हणजे हिशेबाने तेथील स्वर थोडा उतरा यायला हवा. तरीही त्या काळच्या वादकांचे काम भागत असे. असे का? या प्रश्नातच आपल्या गिटारच्या दुखण्याचे मूळ आहे.

तार फ्रेटच्या अगदी अंगाला लागून नसते, थोडी वर असते. स्वर काढण्यासाठी आपण ती बोटाने खाली दाबतो. दाबताना ती किंचित ताणली जाते. ताण वाढला, की स्वर चढतो. म्हणजे कागदावरचा हिशेब कितीही अचूक असला, तरी प्रत्यक्ष दाबलेली तार त्यापेक्षा थोडी चढीच वाजणार. १८ च्या हिशेबात जो उतार होता, तो या चढाने बराचसा भरून निघत असे.

आजचे कारागीर दुसरा उपाय करतात. ते फ्रेट अचूक जागी बसवतात आणि सॅडल थोडे मागे सरकवतात. म्हणजे तार हिशेबापेक्षा काही मिलिमीटर लांब होते. लांब तारेचा स्वर उतरतो आणि दाबण्याने आलेला चढ फिटतो. जाड तारांना हा जादा भाग अधिक लागतो, बारीक तारांना कमी. म्हणून पोलादी तारांच्या गिटारचे सॅडल तिरके बसवलेले असते. जाड तारेकडची बाजू मागे आणि बारीक तारेकडची पुढे. काही नवशिके ते पाहून म्हणतात, "अरे, हे तर वाकडे बसवले आहे!" ते वाकडे नाही. ते सरळ केले, तर गिटार बिघडेल.

यात एक गंमत आहे. दुसरी तार तिसरीपेक्षा बारीक असते, तरी तिला तिसरीपेक्षा जास्त लांबी लागते. कारण असे, की पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत तिसरी तार दिसते तेवढी जाड नसते. तिच्या आत एक बारीक पोलादी तार असते आणि तिच्यावर काशाच्या तारेचा वेढा असतो. वेढ्याने वजन वाढते, पण ताण झेलते ती आतली बारीक तार. दुसरी तार मात्र सगळी एकसंध पोलादाची. तिला दाबले, की तिचा ताण लवकर वाढतो. चांगल्या गिटारच्या सॅडलवर दुसऱ्या तारेखाली माथा एकदम मागे गेलेला दिसेल, तो यासाठीच.

आता तुमची गिटार तपासू या. आधी मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावा. मग बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर, तारेला बोट फक्त टेकवा. दाबू नका. तार छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ, बारीक नाद येईल. याला हार्मोनिक म्हणतात. तो मोकळ्या तारेच्या दुप्पट कंपनांचा स्वर असतो आणि त्यात तार दाबलेली नसते. आता त्याच फ्रेटवर तार नेहमीसारखी दाबून वाजवा. दोन्ही स्वर अगदी एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल, तर तार आखूड पडते आहे. उतरा असेल, तर ती लांब आहे. सहाही तारांची अशी परीक्षा घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

चढ किंवा उतार किती, हे ट्यूनर सेंटमध्ये दाखवतो. एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. दोन-तीन सेंटांचा फरक बहुतेकांच्या कानाला कळत नाही. पाच-सहा सेंट झाले, की चांगल्या कानाला टोचू लागतात. दहा सेंटांवर गाणारी मुलगी थांबते. म्हणजे पाहा, ती उगाच थांबली नव्हती. आणि तुम्हालाही खटका ऐकू आला होता. तेव्हा तुमचा कानही कच्चा नाही!

दोष सापडला म्हणून लगेच कानस हातात घेऊ नका. सॅडल घासणे हा शेवटचा उपाय आहे, आणि घासलेले परत येत नाही. आधी स्वस्तातली कारणे पाहायची.

पहिले कारण तारा. जुन्या तारांवर घाम आणि मळ साचतो, गंज चढतो. फ्रेटवर घासून त्यांच्या खालच्या बाजूला खळगे पडतात. तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही आणि मग ती कोणत्याच हिशेबाला जुमानत नाही. जुन्या बाजारातून आलेल्या गिटारच्या तारा किती वर्षांच्या आहेत, कोणास ठाऊक! म्हणून आधी नवा संच चढवा. नव्या तारा एक-दोन दिवस ताणू द्या, पुनःपुन्हा सुरात आणा आणि मग परीक्षा घ्या. पुष्कळ गिटारी एवढ्यावरच निम्म्या बऱ्या होतात. मात्र एक सांभाळा. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नका. पोलादी संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलोचा असतो. नायलॉनच्या गिटारचे पोट तेवढ्या ताणासाठी बनवलेले नसते. ब्रिज उखडून हातात येईल.

दुसरे कारण तुमची बोटे. एकच स्वर आधी हलक्या बोटाने आणि मग जोर लावून दाबून वाजवा, आणि ट्यूनरचा काटा पाहा. तो हललेला दिसेल. नवशिके भीतीने तार फार दाबतात. स्वर स्वच्छ येण्यापुरताच जोर लावायचा आणि बोट फ्रेटच्या जवळ ठेवायचे.

तिसरे कारण नट. बाराव्या फ्रेटवर सगळे ठीक आहे, पण पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर सूर चढतो, असे असेल तर संशय नटवर घ्या. त्याच्या खाचा उथळ असल्या, तर तारा फार उंच राहतात आणि पहिला फ्रेट गाठण्यासाठी जास्त दाबाव्या लागतात. तपासणी सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटकडे पाहा. तार आणि फ्रेट यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली पाहिजे. ठळक दिसणारी फट म्हणजे खाच उथळ. अजिबात फट नसेल, तर खाच खोल गेली आहे आणि मोकळी तार झणझणेल. खाच खोल करायला प्रत्येक तारेच्या जाडीची बारीक कानस लागते. तुमच्या घरी ती नसणार. हे काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

चौथे कारण तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. पोलादी तारांच्या गिटारला जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असले, की चालते. चार मिलिमीटर असले, तर बोटेही दुखतील आणि सूरही चढेल. उंची का वाढते? कधी सॅडल उंच असते. कधी तारांच्या ओढीने मान पुढे वाकते. पोलादी तारांच्या बऱ्याच गिटारींच्या मानेत लोखंडी सळई असते. तिचा स्क्रू फिरवून मान सरळ करता येते. पण एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. स्क्रू घट्ट वाटला तर थांबा. जोर करून सळई तुटली, तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

कधी कसूर हवेचाही असतो. मुंबईत किंवा भिवंडीत पावसाळ्यात लाकूड ओल पिते. गिटारचे पोट फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. मालेगावच्या किंवा नागपूरच्या कडक उन्हाळ्यात उलटे होते. लाकूड सुकते, आक्रसते आणि फ्रेटांची टोके मानेच्या कडेला बोचू लागतात. म्हणून जुलैत बेसूर झालेल्या गिटारवर जुलैतच कानस चालवू नये. ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार आधी तेथून उचला. चार दिवस कोरड्या जागी ठेवा आणि मग पुन्हा मोजा.

एवढे करूनही दोष उरला, तरच सॅडलकडे वळायचे. येथे पुन्हा गणित उपयोगी पडते. ६५० मिलिमीटरच्या तारेचा टेकण्याचा बिंदू एक मिलिमीटर मागे सरकवला आणि मोकळी तार पुन्हा सुरात लावली, तर बाराव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे २.७ सेंटांनी उतरतो. समजा, नव्या तारा चढवून आणि उंची ठीक करूनही तुमची दुसरी तार पाच सेंट चढी आहे. तर टेकण्याचा बिंदू सुमारे दोन मिलिमीटर मागे न्यायला हवा. सॅडलची जाडी अडीच-तीन मिलिमीटर असते. तार तिच्या पुढच्या कडेवर टेकत असेल, तर माथा घासून तो बिंदू मागच्या कडेवर नेता येईल. काम भागले!

पण दहा सेंट चढ असेल, तर पावणेचार मिलिमीटर हवेत. तेवढी जाडी सॅडलला नसते. मग ब्रिजमधली जुनी खाच लाकडाने बुजवून नवी खाच मागे कोरावी लागते. ते काम कुशल कारागिराचेच आहे. त्यावरून गिटार मुळातच चुकीची बनली होती, हेही कळते. अशा वेळी खर्च आणि गिटारची किंमत यांचा हिशेब करून ठरवावे.

सॅडल घासणे तसे अवघड नाही. तारा सैल करून काढा. सॅडल खाचेतून उपटून घ्या. तारा कोठे टेकत होत्या, तेथे पेन्सिलीने खुणा करा. ज्या तारेचा स्वर चढा आहे, तेथे माथ्याची पुढची बाजू बारीक कानशीने उतरती करा, म्हणजे उंच टोक मागे जाईल. ज्या तारेचा स्वर उतरा आहे, तेथे मागची बाजू उतरती करा. उंच टोकाची उंची कमी होऊ देऊ नका. शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवा. नाहीतर धारेवर तार तुटेल. हाडाची भुकटी नाकात जाणे चांगले नाही, म्हणून तोंडाला रुमाल बांधा. पहिल्यांदा हात बसवायचा, तर प्लॅस्टिकचे एक स्वस्त सॅडल जादा आणून त्यावर प्रयोग करा. मूळचे सॅडल डबीत जपून ठेवा.

सतारवादकाला ही सगळी यातायात करावी लागत नाही. सतारीचे पडदे मानेला दोऱ्याने बांधलेले असतात. सूर खटकला, की तो पडदा बोटभर इकडे किंवा तिकडे सरकवतो आणि वाजवू लागतो. राग बदलला, तरी पडदे सरकवतो. मिरजेला दीडशे वर्षांहून अधिक काळ सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिराला तुम्ही गिटारच्या घट्ट ठोकलेल्या फ्रेटांचे दुखणे सांगितले, तर त्याला हसू येईल. सारंगीला तर पडदेच नसतात. तेथे सूर चुकला, तर कसूर सरळ बोटाचा.

घट्ट फ्रेटांची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही कानशीने जात नाही. गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० वेळा थरथरते. तिला सा मानले, तर कानाला गोड लागणारा शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे १३७.५ कंपनांचा येतो. चांगल्या तंबोऱ्यात तो आपोआप ऐकू येतो. गिटारच्या चौथ्या फ्रेटवर मात्र सुमारे १३८.६ कंपने मिळतात, म्हणजे तो चौदा सेंट चढा. कारण गिटारचे बारा स्वर सारख्या अंतरावर वाटून घेतलेले असतात, म्हणजे कोणत्याही स्वराला सा मानून गाणे वाजवता येते. हार्मोनियमचेही तसेच आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा तिच्यावरचा एक आक्षेप हाच होता. ती बंदी पुढे बरीच वर्षे टिकली. म्हणून एकच कॉर्ड कानाला अगदी गोड लागेपर्यंत तारा पिळत बसू नका. ती एक कॉर्ड गोड होईल आणि बाकीच्या चार कडू होतील.

तर स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस आहेत. पहिल्या दिवशी नव्या तारा चढवा. तिसऱ्या दिवशी बाराव्या फ्रेटची परीक्षा घ्या आणि सहाही तारांचे आकडे वहीत लिहा. दुरुस्तीच्या दुकानात जाल, तेव्हा नुसते "गिटार बेसूर आहे" असे म्हणू नका. वही पुढे ठेवा आणि सांगा, "चाचा, दुसरी तार बाराव्या फ्रेटवर सहा सेंट चढी आहे, नटखालची फट ठीक आहे, उंची अडीच मिलिमीटर आहे." चाचा चष्मा वर करून आधी तुमच्याकडे आणि मग गिटारकडे पाहतील. गिटार परत मिळाली, की गाणाऱ्या मुलीला बोलवा, आणि जेथे ती थांबली होती, तेथूनच वाजवायला सुरुवात करा.